वेटिंग ४ बाहेर राहिलं आणि वेटिंग ९ आत गेलं : ऑनलाइन गेमिंग स्पर्धांची प्रतीक्षायादी नक्की चालते कशी?

अबोली | शनिवार, रात्री ११:४०

मी स्वतः गेम खेळत नाही, धाकटा भाऊ खेळतो. बीएस्सीच्या दुसऱ्या वर्षाला आहे. तो आणि त्याचे तीन मित्र असा बीजीएमआय या मोबाइलवरच्या लढाईच्या गेमचा संघ आहे, वर्षभर रोज रात्री सराव चालतो. आज एका ऑनलाइन स्पर्धेत जे झालं त्यावरून घरात कोणी धड जेवलंसुद्धा नाही, म्हणून इथे विचारते आहे.

स्पर्धा २० संघांची. नावनोंदणी बुधवारी दुपारी १२ ला सुरू झाली आणि मिनिटभरात जागा भरल्या. यांना वेटिंग ४ मिळालं. प्रत्येक संघाकडून २०० रुपये घेतले होते, वेटिंगवाल्यांकडूनही. आज संध्याकाळी चौघं आमच्याच घरी जमले. साडेसहाला चेक-इन, सातला पहिली मॅच. पावणेसातच्या सुमारास अंतिम यादी लागली तर तिच्यात वेटिंग ६ होतं, वेटिंग ९ होतं आणि हे नव्हते. विचारल्यावर एका ओळीचं उत्तर आलं, "ते हजर होते." अहो, हेही हजर होते! सहा वाजल्यापासून फोन हातात धरून बसले होते, मी डोळ्यांनी पाहिलंय.

भाऊ म्हणतो, ओळखीच्यांना आत घेतलं. असेलही. पण कोणावर आरोप करण्याआधी मला ही पद्धत समजून घ्यायची आहे. वेटिंगचा नंबर खरंच काही सांगतो का? यादी पुढे सरकते ती कोणाच्या हातानं? आणि त्या २०० रुपयांचं काय?

---

हिशेबी | रविवार, सकाळी ८:०५

अबोलीताई, रेल्वेचं वेटिंग डोळ्यांसमोर आणा, अर्धं कोडं सुटेल. चार्ट लागेपर्यंत तुमचा नंबर म्हणजे नुसती आशा. चार्ट लागला की निकाल. गेमिंगमध्ये चेक-इन बंद होण्याची वेळ म्हणजे चार्ट लागण्याची वेळ.

फरक मात्र मोठा आहे. रेल्वेत वेटिंगच्या प्रवाशाला "मी अजून इच्छुक आहे" असं पुन्हा कळवावं लागत नाही. इथे बहुतेक ठिकाणी कळवावं लागतं. तुमच्या भावानं चेक-इनचं बटण दाबलं होतं का, एवढं आधी विचारा.

पैशांचंही तेच. ऑनलाइन काढलेलं तिकीट चार्ट लागल्यावरही पूर्ण वेटिंगमध्येच राहिलं तर ते आपोआप रद्द होतं आणि थोडी वजावट होऊन पैसे खात्यात परत येतात. सरकारी खातं हे करू शकतं तर २० संघांची स्पर्धा घेणाऱ्यालाही करता आलं पाहिजे.

---

लॉबीवाला | रविवार, सकाळी १०:३०

ताई, मी नागपुरातून छोट्या स्पर्धा आणि स्क्रिम, म्हणजे सरावाच्या मॅच, भरवतो. मे २०२३ मध्ये गेम भारतात परत सुरू झाला तेव्हापासून. त्यामुळे ही यादी बनवणाऱ्याच्या बाजूनं सांगतो. जरा लांबेल.

वेटिंग मुळात येतं खोलीच्या मापातून. बीजीएमआयची कस्टम रूम, म्हणजे आयोजकानं उघडलेली खासगी मॅच, १०० खेळाडूंची. चौघांचा एक स्क्वॉड धरला तर २५ संघ. पण पंचवीसच्या पंचवीस आम्ही भरत नाही. एखाददुसरी जागा होस्टला स्वतःसाठी ठेवावी लागते, आणि गर्दी जितकी जास्त तितकं नकाशावर सुरुवातीलाच सगळं उरकतं, सरावाला काही अर्थ उरत नाही. म्हणून कोणी २० घेतो, कोणी १८. मोठ्या अधिकृत स्पर्धांच्या अंतिम फेरीत तर १६ च संघ असतात. फ्री फायर मॅक्स या दुसऱ्या गेममध्ये १२ संघ, ४८ खेळाडू. म्हणजे लग्नाच्या पंगतीसारखं आणखी एक पान वाढता येत नाही. एकविसावा संघ आला की तो वेटिंगमध्येच जाणार.

आता नंबर कसा पडतो ते. डिस्कॉर्ड या गप्पांच्या अ‍ॅपवर एक चॅनल ठरल्या वेळी उघडतो. संघाचं नाव लिहायचं, सोबत्यांना टॅग करायचं, पाठवायचं. हे मोजायला बॉट, म्हणजे आपोआप चालणारे प्रोग्रॅम असतात, आपल्याकडच्या स्क्रिममध्ये 'कोशंट' बराच चालतो. टॅग कमी पडले की बॉट नोंद घेत नाही. जागा संपल्या की चॅनल आपोआप बंद. त्यानंतर आलेल्यांची जी रांग ठेवतात ती वेटिंग.

इथवर सगळीकडे साधारण सारखंच आहे. गोंधळ होतो तो जागा रिकामी झाल्यावर, कारण ती भरायच्या तीन वेगवेगळ्या रीती आहेत आणि तिघींनाही लोक 'वेटिंग'च म्हणतात.

पहिली रीत सरळ रांगेची. कोणी माघार घेतली की वेटिंग १ आत, मग २, मग ३. दुसरी रीत हजेरीची. चेक-इनच्या खिडकीत वेटिंगवाल्यांनीही हजेरी लावायची, खिडकी बंद झाल्यावर रिकाम्या जागा हजेरी लावलेल्यांतून, त्यांच्या मूळ नंबरानुसार भरायच्या. म्हणजे १ ते ५ मधलं कोणीच चेक-इन केलं नसेल तर ६ ला पहिली जागा. आणि तिसरी रीत झडपेची. स्लॉट रद्द झाला की तो सगळ्यांसमोर खुला होतो, 'क्लेम'चं बटण जो पहिला दाबेल त्याचा. कोशंटमध्ये हे रद्द-क्लेम तयारच मिळतं, त्यामुळे छोट्या सर्व्हरवर हेच जास्त. तिथे वेटिंगच्या नंबराला काडीची किंमत नसते. वेटिंग १ पाणी प्यायला उठला तर वेटिंग ३० जागा घेऊन जातो.

"ते हजर होते" या उत्तरावरून मला ही दुसरी रीत वाटते. सर्व्हरवर नियमांचा चॅनल असेल, तो भावाला नीट वाचायला सांगा. आणि एक महत्त्वाचं, घरी फोन घेऊन बसणं म्हणजे चेक-इन नव्हे. होस्टला तुमचं घर दिसत नाही, फक्त चॅनल दिसतो.

---

प्यादं | रविवार, दुपारी १२:१५

माझा प्रांत ऑनलाइन बुद्धिबळ, तरी लिहितो, कारण आमच्याकडे वेटिंग जवळजवळ नाहीच, आणि ते का नाही हे पाहिलं की तुमच्याकडे का आहे ते कळतं.

लीचेस या बुद्धिबळाच्या साइटवर एरिना स्पर्धा असते. ठरावीक वेळ घड्याळ चालू, या, खेळा, दमलात की थांबा, पुन्हा या. मोकळा असलेला खेळाडू दुसऱ्या मोकळ्या खेळाडूशी जोडला जातो. तिथे खोली भरली असं होतच नाही. स्विस पद्धतीत फेऱ्या ठरलेल्या असतात, पण तिथेही निम्म्याहून अधिक फेऱ्या सुरू होईपर्यंत उशिरा आलेल्याला घेतात. ११ फेऱ्यांची स्पर्धा असेल तर सहावी सुरू होण्याआधी येता येतं. हुकलेल्या फेऱ्या कितीही असोत, त्याला अर्ध्या गुणाचा एकच बाय, म्हणजे न खेळता मिळणारी फेरी, मिळतो. संख्या विषम झाली तर जो एकटा उरतो त्याला एक गुण देऊन बसवतात. आणि डाव सुरू होऊनही जो आलाच नाही त्याचं घड्याळ चालत राहतं, तो वेळेवर हरतो आणि यंत्रणा त्याला स्पर्धेतून बाजूला काढते. पुढे परत यायचं असेल तर वाट मोकळी.

म्हणजे गैरहजेरीचा फटका बसतो तो न आलेल्याला आणि त्याच्यासमोर बसलेल्या एकाला. तुमच्याकडे सगळे एकाच मैदानात उतरतात. एक संघ न आल्यानं उरलेल्या १९ जणांचा खेळ बदलतो. म्हणून तुमच्या आयोजकाला जागा भरायची घाई असते, आणि घाईत अन्याय होतो.

---

सावंतवाडीचा | रविवार, दुपारी १:५०

मी दुसऱ्या बाजूचा मनुष्य. माझा स्लॉट पक्का होता आणि तो वेटिंगवाल्यांना गेला.

पावसाळ्यात आमच्याकडे वीज कधी जाईल सांगता येत नाही. वीज गेली की वायफाय जातं, आणि थोड्या वेळानं मोबाइलची रेंजही जाते. चेक-इनला दहा मिनिटं असताना अंधार झाला. मी छत्री घेऊन टेकडीवरच्या देवळापर्यंत चालत गेलो, तिथे दोन काड्या रेंज येते. पोचलो तेव्हा खिडकी बंद होऊन चार मिनिटं झाली होती. मी सगळं लिहून कळवलं, फोटोही पाठवला. उत्तर आलं, "उशीर झाला." तीन आठवडे त्या स्पर्धेसाठी नकाशाचा अभ्यास केला होता.

माझं म्हणणं, पक्क्या संघाला चेक-इननंतर १० मिनिटं सवलत हवी. नोंदणी आम्ही वेळेत केली होती ना?

---

लॉबीवाला | रविवार, दुपारी २:२५

@सावंतवाडीचा, वाचून वाईट वाटलं. पण दहा मिनिटं मी देणार नाही, आणि का ते सांगतो.

सातच्या मॅचसाठी आयडी-पासवर्ड पावणेसात-सहा पन्नासला सुटतो. त्याआधी यादी पक्की लागते, कारण प्रत्येक संघाला रूममध्ये ठरावीक नंबरच्या स्लॉटवर बसायचं असतं. यादी बदलली तर एक संघ दुसऱ्याच्या जागेवर बसतो, मग बाहेर काढा, पुन्हा बोलवा. सवलत दिली की ती दहा मिनिटं वेटिंगच्या नऊ संघांच्या, म्हणजे छत्तीस पोरांच्या खिशातून जातात. तीही कुठेतरी देवळाजवळ उभी असतात.

मी वेगळं करतो. खिडकी अर्धा तास आधी उघडतो आणि कर्णधाराऐवजी चौघांपैकी कोणीही चेक-इन केलं तरी धरतो. तुमच्याकडे वीज गेली तरी तुमचा चौथा भिडू कुडाळला किंवा पुण्यात असेल, तो बटण दाबेल. हे केल्यापासून माझ्याकडच्या तक्रारी बऱ्याच कमी झाल्या.

---

सावंतवाडीचा | रविवार, दुपारी २:४०

चौघांपैकी कोणीही, हे चालेल. हे मला सुचलंच नव्हतं. तरी वीज गेलेल्या माणसाला आणि झोपा काढणाऱ्याला एकाच मापानं मोजणं मला पटत नाही, हे लिहून ठेवतो.

---

परदेशी पाखरू | रविवार, दुपारी ४:१०

म्युनिकहून लिहितोय. मी व्हॅलोरंट या नेमबाजीच्या गेमच्या छोट्या लीगमध्ये खेळतो, ५ विरुद्ध ५, बाद पद्धत. आमचं वेटिंग जरा वेगळं वागतं.

बाद पद्धतीत सामन्यांची चौकट ३२ संघांची असेल आणि २७ संघ हजर झाले, तर ५ जणांना पहिल्या फेरीत बाय मिळतो. स्पर्धा अडत नाही. त्यामुळे आळशी आयोजक वेटिंगकडे बघतच नाही, बाय वाटून मोकळा होतो. वेटिंगचे पाच संघ बाहेर बसून बघतात की समोरच्याला न खेळता दुसरी फेरी मिळाली. हे मला सर्वांत जास्त खुपतं. चालॉन्जसारख्या साइटवर संख्येची मर्यादा घातली की मर्यादेपलीकडचे संघ आपोआप वेटिंगमध्ये जातात, आणि चेक-इनची मुदत संपल्यावर आयोजकानं हजेरीचा हिशेब चालवला की न आलेले निष्क्रिय होऊन क्रमवारीच्या तळाशी जातात. म्हणजे साधनं आहेत. वापरायला कोणीतरी बसलेलं हवं.

एकदा चौकट जाहीर होऊन पहिला सामना सुरू झाला की वेटिंग संपलं. मग कोणी आलं नाही तर समोरच्याला पुढे चाल. हे मात्र मला योग्य वाटतं. मधूनच आलेला ताजा संघ आणि दोन सामने खेळून आलेला संघ यांना समोरासमोर उभं करणं बरोबर नाही.

वेळेबद्दल एक सांगतो, कारण मी स्वतः यात अडकलोय. भारतातल्या मित्रांबरोबर एक स्पर्धा होती, चेक-इन भारतीय वेळेनं रात्री साडेनऊ. इथे उन्हाळ्यात भारत साडेतीन तास पुढे, म्हणून सहा वाजता बसायची सवय. ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी इथली घड्याळं तासभर मागे जातात, फरक साडेचार तासांचा होतो. मी सहालाच बसलो, तिकडे साडेदहा वाजले होते. संघाची जागा गेली, चौघं माझ्यावर अवलंबून होते. परदेशातून खेळणाऱ्यांनी नुसत्या पाठ असलेल्या वेळेवर विसंबू नये, प्रत्येक वेळी नव्यानं फरक मोजावा.

---

अबोली | रविवार, संध्याकाळी ६:३०

सगळ्यांचे आभार. भावाला बसवून नियम वाचून घेतले. लॉबीवाल्यांचा अंदाज खरा निघाला. नियमांच्या चॅनलमध्ये सातवी का आठवी ओळ होती, वेटिंगच्या संघांनीही ६:३० ते ६:४० मध्ये चेक-इन करावं, हजर संघांतून नंबरानुसार घेतलं जाईल. या चौघांनी ती वाचलीच नव्हती. त्यांना वाटलं चेक-इन फक्त पक्क्या संघांसाठी, आपल्याला बोलावणं येईल.

४, ५, ७, ८ या चौघांनीही चेक-इन केलेलं नव्हतं, म्हणून ६ आणि ९ आत. १ ते ३ आधीच गेले होते. म्हणजे क्रम बरोबर होता. भाऊ गप्प झालाय. मला बरं वाटलं की आम्ही कोणाला जाहीरपणे काही बोललो नाही.

पण दोन गोष्टी मनात राहतात. एवढी महत्त्वाची ओळ इंग्रजी नियमांच्या मध्यात का दडवायची? वेटिंगच्या नऊ संघांतल्या चौघांना ती कळली नाही, म्हणजे दोष फक्त आमच्या पोरांचा नाही. आणि २०० रुपये अजून आलेले नाहीत. विचारलं तर "पुढच्या स्पर्धेत धरू" म्हणतात.

---

धुकं | रविवार, संध्याकाळी ७:१५

"पुढच्या स्पर्धेत धरू" हे मान्य करू नका. ज्या स्पर्धेत खेळायलाच मिळालं नाही तिचं शुल्क कसलं? शांतपणे, लेखी, डिस्कॉर्डवरच मागा. पैसे भरल्याचा यूपीआय व्यवहार क्रमांक जोडा आणि तारीख विचारा.

ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेनं ऑनलाइन गेमिंगचा कायदा केला, २२ ऑगस्टला राष्ट्रपतींची सही झाली. पैसे लावून खेळायच्या गेमवर त्यात बंदी आहे, ई-स्पोर्ट्स, म्हणजे गेमच्या स्पर्धा, वेगळे काढले आहेत. ई-स्पोर्ट्सच्या व्याख्येत नोंदणी शुल्क बसतं, पण ते फक्त स्पर्धेत प्रवेशासाठी किंवा व्यवस्थेच्या खर्चासाठी, आणि बक्षीस कामगिरीवर. पैज, डाव लावणं चालत नाही. वेटिंगवाल्यांचे पैसे गोळा करून बक्षिसाचा आकडा फुगवणारे मी पाहिलेत. अशांपासून लांब राहिलेलं बरं.

माझा साधा नियम आहे, वेटिंगला पैसे भरायचे नाहीत. स्लॉट पक्का झाला की पाच मिनिटांत भरतो असं सांगायचं. चांगला आयोजक ऐकतो.

आणि एक धोका. वेटिंगच्या यादीत नाव दिसलं की खासगीत मेसेज येतात, "मी मॉडरेटर आहे, १०० जादा टाका, आत घेतो." बऱ्याचदा तो माणूस त्या सर्व्हरचा नसतोच, यादी बघून गळ टाकतो. घाईत असलेली पोरं पैसे टाकतात. असं झालं तर लाजू नका, १९३० या सायबर हेल्पलाइनला लगेच फोन करा. जितक्या लवकर कळवाल तितकी पैसे अडवले जाण्याची आशा जास्त.

---

विदर्भवासी | रविवार, रात्री ९:००

यादीचा क्रम पाळला गेला हे ठीक. पण तो क्रम आला कुठून हे कोणी विचारत नाही. दुपारी १२ ला चॅनल उघडतो आणि काही सेकंदांत भरतो. आमच्या गडचिरोलीच्या बाजूला मेसेज जायलाच तेवढे सेकंद लागतात. मुंबई-पुण्यात फायबर असलेला मुलगा आधीच मजकूर कॉपी करून बसतो, चिकटवतो, झालं. मी दीड वर्षात मोजून तीन वेळा थेट यादीत आलो. उरलेला सगळा काळ वेटिंगमध्ये. माझा खेळ वाईट म्हणून असेल तर कबूल, पण ही नेटवर्कची शर्यत आहे, खेळाची नाही.

चिठ्ठ्या टाका. नोंदणी दिवसभर उघडी ठेवा, रात्री सगळ्यांतून सोडत काढा. वेटिंगचा क्रमसुद्धा सोडतीतूनच. एवढंच मागतो.

---

लॉबीवाला | रविवार, रात्री १०:२०

@विदर्भवासी, तुमचं म्हणणं मला आतून माहीत आहे. आणि सोडतीला मी विरोधही केला होता, कारण सोडतीत ज्याला फार खेळायचं नाही तोही सहज नाव टाकून ठेवतो, मग नो-शो, म्हणजे नाव देऊन न येणारे, वाढतात. पहिल्या बारा सेकंदांत धडपडून आलेला संघ सहसा खेळायलाही येतो.

आता मधला मार्ग काढलाय. २० पैकी ५ जागा मागच्या आठवड्याच्या पहिल्या पाचांना थेट. ५ जागा चपळांना. उरलेल्या १० आणि सगळं वेटिंग सोडतीतून. सोडत मी एकटा काढत नाही, व्हॉइस चॅनलवर स्क्रीन दाखवून काढतो. नो-शोला एक इशारा, दुसऱ्यांदा दोन आठवडे बंदी. आधी कळवून स्लॉट सोडला तर शिक्षा नाही. हे शेवटचं वाक्य जोडल्यावर लोक खरंच कळवायला लागले, आणि वेटिंग शनिवार संध्याकाळऐवजी शुक्रवारीच सरकायला लागलं.

हे सगळं का करतो तेही सांगतो. दोन वर्षांपूर्वी मी चूक केली होती. वेटिंग २ ला बाजूला ठेवून मित्राच्या संघाला आत घेतलं. कोणाला कळणार नाही वाटलं. त्या संघाच्या कर्णधारानं यादीचे दोन स्क्रीनशॉट शेजारी शेजारी लावून विचारलं, "दादा, आम्ही कुठे चुकलो?" भांडला असता तर बरं झालं असतं. तेव्हापासून प्रत्येक बदल वेळेसकट चॅनलमध्ये लिहितो. अमुक संघ बाहेर, ६:४१, चेक-इन नाही. तमुक संघ आत, ६:४२, वेटिंग ३. दोन ओळींचं काम आहे.

---

हिशेबी | सोमवार, सकाळी ७:५०

एक शंका. पहिल्या मॅचला एक संघ आलाच नाही, तर दुसऱ्या मॅचपासून वेटिंगवाल्याला का घेत नाहीत? तीन-चार मॅच असतात ना?

---

लॉबीवाला | सोमवार, सकाळी ९:१०

स्क्रिममध्ये कधीकधी घेतात, कारण तो सराव. बक्षिसाच्या स्पर्धेत घेऊ नये. गुण सगळ्या मॅचचे मिळून मोजतात. पहिल्या क्रमांकाला १०, मग ६, ५, ४, ३, २, १, १, आणि प्रत्येक बळीचा एक. दुसऱ्या मॅचला आलेला संघ आधीच मागे असतो, त्याला जिंकायची आशा कमी, मग तो बेधडक कोणाच्याही अंगावर जातो. त्यात दुसऱ्या मॅचमध्ये विजेतेपदाच्या वाटेवरचा संघ विनाकारण मरतो. त्यापेक्षा रिकामा स्लॉट रिकामाच राहिलेला बरा.

टप्प्यांच्या स्पर्धेत अजून एक प्रकार असतो. पात्रता फेरीतून वर गेलेल्या संघानं माघार घेतली तर त्याच गटातला पुढच्या क्रमांकाचा संघ वर जातो. तिथे नोंदणीची वेळ कोणी बघत नाही, कमावलेला क्रम बघतात. वेटिंगचा मला सर्वांत आवडणारा प्रकार हाच. तुमचा संघ एका जागेनं हुकला असेल तर पुढचे दोन दिवस फोन चालू ठेवा आणि चौघांतला कोणी बदलू नका. नावं गोठवल्यानंतर नवा खेळाडू घेतलेला संघ बोलावणं येऊनही बाद होतो.

---

अबोली | पुढच्या रविवारी, सकाळी ११:००

काल पुन्हा स्पर्धा होती, दुसऱ्या आयोजकाकडे. नोंदणीच्या वेळी भाऊ प्रयोगशाळेत होता, म्हणून मित्रानं केली. वेटिंग २. धुकं यांच्या सांगण्याप्रमाणे पैसे आधी भरले नाहीत, त्यांनीही हरकत घेतली नाही. ६:३० ला खिडकी उघडली, ६:३१ ला चेक-इन झालं. दोघांनी केलं, एकाचं अडकलं तर दुसऱ्याचं असावं म्हणून.

सगळे वीसच्या वीस संघ आले. एकही जागा सुटली नाही.

६:४६ ला चॅनलवर ओळ आली, "सर्व २० हजर, आज वेटिंगमधून कोणीही नाही." भावानं ती मला दाखवली आणि फोन चार्जिंगला लावला. मग चौघांनी पोहे खाल्ले आणि साध्या मॅच खेळत बसले. मागच्या शनिवारसारखा आवाज घरात झाला नाही.

आधीचे २०० रुपये तीन वेळा लिहिल्यावर गुरुवारी परत आले.

@लॉबीवाला, तुमच्या सोडतीसाठी नाव कधीपर्यंत द्यायचं? चौघांचे आयडी लिहून तयार आहेत.

---

लॉबीवाला | पुढच्या रविवारी, दुपारी १२:०५

शुक्रवारी रात्री ९ पर्यंत. सोडत ९:३० ला व्हॉइस चॅनलवर. भावाला सांगा, ऐकायला नक्की ये.